न मोडलेला घोडा

“मोडकाकांनी एखादं खेळणं न मोडता परत आणलं ना, तर खेळण्याकडे बघत बसू नकोस. आधी काकांकडे बघ.”

सासूबाई हे मला मटार सोलताना म्हणाल्या होत्या. खारू तेव्हा सहा महिन्यांची, माझ्या मांडीवर, आणि माझं सगळं लक्ष एखादा दाणा घरंगळत तिच्या तोंडापर्यंत पोचतोय का याकडे. मी हसून ‘बरं’ म्हटलं. सासूबाईंकडे अशी वाक्यं पुष्कळ होती, आणि मी पडले पदवी घेतलेली बाई. मला सूचना छापलेल्या लागतात. खोक्यावर असतात तशा. तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये, आगीपासून दूर ठेवावे. ही शेंगेबरोबर आलेली सूचना मी सालांबरोबर टाकून दिली.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या, ते मागच्या प्रकरणात आलंच आहे. त्यांच्याबरोबर घरातलं आणखी काय काय गेलं, ते मात्र आम्हांला त्या रविवारी कळलं.

रविवारी दुपारी आम्ही कारखान्यातल्या मोठ्या टेबलाभोवती बसलो होतो. वर घर, खाली कारखाना. भांडणं नेहमी खालीच व्हायची, कारण वर आवाज घुमतो. टेबलावर घोडा होता. म्हणजे धड, चार पाय आणि डुलायच्या दोन कमानी. डोकं शेजारी आडवं पडलं होतं, एक डोळा छताकडे. रंग इतका ताजा होता की मोडलेल्या जागचं पांढरं लाकूड सोललेल्या गुडघ्यासारखं दिसत होतं.

खारू, आता साडेतीन वर्षांची, माझ्या मांडीवर होती. डाव्या मनगटाला प्लास्टर, हनुवटीला चार टाके. रडून रडून दमली होती आणि आता ओल्या बिस्किटाची कड चाटत होती.

“चारच टाक्यांवर निभावलं,” माझे मोठे दीर म्हणाले. त्यांना सगळं घर दादा म्हणतं, मीही.

“दादा, उद्या सकाळी आठला बालवाडी उघडते,” मी म्हटलं.

असेच बारा घोडे शुक्रवारी टेम्पोत घालून बालवाडीला गेले होते. हा तेरावा, खरं तर सगळ्यांत आधी केलेला. रंगाचा एक ओघळ कानाखाली आला म्हणून मागे ठेवला, आणि ‘घरच्या घरी राहू दे, खारू खेळेल’ असं ठरलं. मी त्याचे खिळे, कडा, शेपटीचे दोरे, सगळं बोटांनी चाचपून मगच त्या सकाळी तिला वर बसवलं होतं. मी द्राक्षाचे चार तुकडे करणारी आई आहे. जाऊबाई म्हणतात, “बाई गं, तुझं पोर बरणीत घाल आणि झाकण लाव.” त्या तेराव्या घोड्यावर तिला बसवताना मात्र मी निर्धास्त होते. कारण तो मोडकाकांच्या हाताखालून गेला होता.

आमच्या घरात हे एवढं एकच प्रमाणपत्र चालायचं.

ज्यांनी आधीची प्रकरणं वाचलीत त्यांना हे ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. माझ्या आजेसासऱ्यांनी कारखाना काढला तेव्हा पहिलं खेळणं बनवलं ते चार चाकांचं बदक. ते त्यांनी आपल्या धाकट्या, चार वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं. मुलाने दुपारपर्यंत त्याचा आस मोडला. त्याची आई लाटणं घेऊन धावली. आजेसासऱ्यांनी तिला थांबवलं, मोडलेला आस उन्हात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, “बरं झालं, आपल्याकडे मोडलं. आपल्या घरी मोडलेलं दुसऱ्याच्या घरी मोडत नाही.”

तिथून तो रिवाज पडला. दर नव्या खेळण्याचा पहिला नग त्या मुलाकडे जायचा. मोडेल तिथे जाड करायचं, पुन्हा द्यायचं. न मोडणारं खेळणं नसतंच. मोडायला किती वेळ लागला एवढंच बघायचं. तिसऱ्या खेपेला त्याला मोडायला दोन दिवस लागले की खेळणं पास. भोवरे, पत्र्याची चावीची बेडकं, बाहुलीच्या खाटा, सगळं त्या हातांनी मोडलं. मुलगा मोठा झाला, माझ्या नवऱ्याचा काका, घराचा मोडकाका झाला, केस पांढरे झाले, मोडणं चालूच. मध्ये प्लॅस्टिक आलं, मग दिवे लागणारी आणि आपोआप गाणारी खेळणी आली, तेव्हा कारखाना निम्मा बंद होता. आता लोकांना परत लाकडाची आठवण येते. आजोबांकडे होता तसा घोडा हवा, म्हणतात. त्यांच्या आजोबांकडे घोडा नसेलही. पण आठवण यायला वस्तू असावी लागते थोडीच.

मोडकाका सांगायचे, “लोकांना वाटतं खेळण्यांच्या कारखान्यातला पोर, काय त्याचे लाड. अरे, मजबूत निघालं की ते दुकानात जायचं. माझ्याकडे राहायची ती फक्त मोडकी.” हे ते विनोद म्हणून सांगायचे, आणि आम्ही हसायचो.

वर्षभरानंतर निघालेलं पहिलं नवं खेळणं म्हणजे हा घोडा. तो त्यांच्या खोलीत आठ दिवस होता. तीन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी त्यांनी तो परत आणला. अखंड. दादांनी तर टाळ्या वाजवल्या. “साठ वर्षांत पहिल्यांदा! काका, हरलात.” माझा नवरा लाजून हसला, कारण घोडा त्याने घडवला होता. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, “छान आहे.”

छान. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी घोड्याकडे पाहिलं आणि मला तो खरंच छान दिसला.

*

“काकांनी पास केलाय,” दादा टेबलावर बोट आपटत म्हणाले. “मी माझ्या मनाने पाठवले नाहीत. आठ दिवस त्यांच्याकडे होता. आठ दिवसांत त्यांना मान हलवून बघता आली नाही?”

“हळू बोल. त्यांना ऐकू जातंय,” माझा नवरा म्हणाला. काकांची खोली कारखान्याच्या मागच्या टोकाला, मध्ये फळ्यांची भिंत.

“जाऊ दे ना ऐकू. पोरीचा हात मोडलाय.”

“मी म्हणतच होते,” जाऊबाई म्हणाल्या. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, धड खाली नाहीत, धड वर नाहीत. “वय झालंय त्यांचं. परवा मी विचारलं, काका, चहा गोड झालाय का, तर म्हणाले छान आहे. साखर घालायचीच राहिली होती माझी.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तुमच्या काकांना चहा आवडला म्हणून?”

माझा नवरा मान खाली घालून घोड्याच्या तुटलेल्या मानेवरून अंगठा फिरवत होता. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते त्याने मला फार उशिरा सांगितलं. लाकडाच्या रेघा मानेत आडव्या गेल्या होत्या, ते त्याला दवाखान्यातून परत आल्याआल्या दिसलं. उभ्या रेघेचं लाकूड वाकतं, आडव्या रेघेचं बिस्किटासारखं तुटतं. हे त्याला सुतारकाम शिकताना पहिल्या महिन्यात सांगितलेलं. पण त्याने घोडा काढला होता आजोबांनी केलेल्या घोड्याच्या एका जुन्या फोटोवरून. गिऱ्हाइकांना तीच बाकदार मान हवी होती. ती त्याने एकसंध फळीतून कापली. चूक त्याची होती आणि ती त्याच्या अंगठ्याखाली होती. आणि दादा काकांना बोलत होते तेव्हा त्याला, त्याच्याच शब्दांत, कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घ्यावं तसं वाटलं. म्हणून तो गप्प राहिला.

मीही काही वेगळी नव्हते. मी म्हटलं, “त्यांना खारूपासून जरा लांब ठेवलेलं बरं. दिवसभर ती त्यांच्याच खोलीत असते.”

मी हे बोलले. लिहिताना गाळून टाकता आलं असतं.

“तेच म्हणतोय मी,” दादांना जोर आला. “माझ्या मित्राचे वडील राहतात ना, ती जागा चांगली आहे. बाग आहे. बरोबरीची माणसं आहेत. इथे त्या खोलीत भुश्यात एकटे बसतात.”

“आज हा विषय कशाला?” नवरा म्हणाला.

“मग कधी? दुसरं पोर पडल्यावर?”

“पडेलच ना,” मी म्हटलं. “उद्या आठ वाजता. बारा घोडे आहेत. बालवाडीच्या बाईंना फोन करा आधी.”

“करतो. काय सांगायचं ते तरी ठरवू दे. साठ वर्षांत आपला एक नग परत आलेला नाही. एकदा का आपण म्हटलं मान तुटते, की लोक म्हणणार, यांची सगळ्याचीच मान तुटते. आपण असं म्हणू, रंगात काहीतरी…”

“रंग? मग त्या पुसून घेतील आणि मुलांना बसवतील.”

“तू जरा शांत हो.”

“माझ्या मुलीला टाके घालताना मी शांतच होते, दादा.”

या घरात येऊन मला सहा वर्षं झाली होती. दादांना उलट बोलायची ही पहिली वेळ. खारूने बिस्कीट तोंडातून काढून माझ्याकडे पाहिलं.

*

जाऊबाई पायरीवरून उतरल्या आणि कपाटाकडे गेल्या. का गेल्या, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. “नवरा मोठ्याने बोलायला लागला की माझे हात काहीतरी आवरायला लागतात,” एवढंच म्हणाल्या.

ते कपाट म्हणजे मोडक्यांचं कपाट. साठ वर्षांत काकांनी जे जे मोडलं त्याचा मोडलेला भाग तिथे आहे. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली: कुठे मोडलं, कधी, काय करायला हवं. आधी आजेसासरे लिहायचे, मग सासूबाई. काका खेळणं घेऊन यायचे, ‘वहिनी, हे घ्या’ म्हणायचे, आणि दोघं कपाटापुढे बसून तासभर वाद घालायची की आधी चाक निखळलं की आधी आस वाकला. सासूबाई गेल्यावर एकही चिठ्ठी लागली नव्हती. जाऊबाईंना ते कपाट आवडत नसे. धूळ, वाळवी, आणि ती हातपाय तुटलेल्या बाहुल्यांची रांग. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच सुचवलं होतं की हे सगळं भंगारात द्यावं आणि तिथे खोकी रचावीत.

खालच्या खणात, मागे, त्यांच्या हाताला एक डोकं लागलं. घोड्याचं. रंग उडालेला, एक कान नाही, पण मानेचा बाक तोच. हुबेहूब तोच. टेबलावर पडलेल्या डोक्याचा म्हातारा भाऊ जणू.

जाऊबाईंनी चिठ्ठी वाचली. आजेसासऱ्यांचं टपोरं अक्षर.

आधी त्यांना वाटलं, परत ठेवून द्यावं. ते पुढे कबूल केलं त्यांनी माझ्याजवळ. नवऱ्याचा मुद्दा जिंकत आला होता, खोली रिकामी होणार होती, त्यांच्या मनात तिथे गेली दोन वर्षं शिलाई मशीन उभं होतं. त्यांनी डोकं खणात टेकवलंसुद्धा. मग म्हणे त्यांना त्या चिठ्ठीचा दोरा दिसला. सासूबाईंनी जुना कुजलेला काढून नवा बांधला होता. निळा, स्वेटरच्या लोकरीचा. “जिला वाचायचं होतं ती वाचून, नवा दोरा बांधून गेली. आणि मी भंगारवाला शोधत होते.”

त्या टेबलापाशी आल्या आणि जुनं डोकं नव्या डोक्याशेजारी ठेवलं. बाराखडी वाचावी तसं वाचून दाखवलं: “मानेत मोडला. पाऊण तासात. रेघ आडवी. मान दोन तुकड्यांत करून, रेघ उभी ठेवून जोडणे.”

माझ्या नवऱ्याचा अंगठा तुटलेल्या मानेवरच थांबला.

“फोटोत जोड दिसत नाही,” माझा नवरा म्हणाला. “वर रंग आहे. मला… मी कपाट उघडलंच नाही, दादा. काका बघतीलच, म्हटलं.”

“म्हणजे काकांनीच मोडलेला होता हा. लहानपणी,” दादा म्हणाले. “मग त्यांना तर आठवायलाच हवं होतं. हे तर आणखी वाईट झालं.”

“अहो,” जाऊबाई म्हणाल्या, “जरा थांबा.”

फळ्यांच्या भिंतीतलं दार उघडून काका येऊन उभे राहिले होते.

*

ते नेहमीसारखेच दिसत होते. पायजमा, वरून डोक्यातून घालायचा सैल सदरा. पूर्वी ते बटणांचा शर्ट घालायचे. हे मला त्या क्षणी आठवलं नाही, नंतर आठवलं. त्यांनी दोन डोकी पाहिली, मग खारूचं प्लास्टर पाहिलं. खारूची सकाळपासून त्यांच्याशी गाठ पडली नव्हती.

“फार दुखतंय का गं?”

“फार,” खारू म्हणाली आणि माझ्या मांडीवरून उतरली. मी तिचा फ्रॉक पकडला होता. तो तिने सोडवून घेतला.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात पत्र्याचं बेडूक असायचं. चावी दिली की टणाटण उड्या मारायचं. गेले कित्येक महिने दोघांचा तोच खेळ: काका बेडूक धरणार, खारू चावी देणार. मला ते बघायला बरं वाटायचं. बोटांना ताकद येते मुलांच्या, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

खारूने त्यांच्या खिशात हात घालून बेडूक काढलं. उजव्या हाताने चावी धरली. मग डावा हात वर करून बघितला. प्लास्टरमधून बोटांची नुसती टोकं दिसत होती. तिने थोडा विचार केला.

“आज मी धरते. तू चावी दे.”

“नंतर खेळू, राणी.”

“आत्ता.”

काकांनी डावा हात पुढे केला. खारूने बेडूक मागे घेतलं. “त्या हाताने उलटी लागते चावी. तूच म्हणालास. या हाताने दे.”

“अगं, नको आज.”

“अजून झोपलाय तो?” खारूने विचारलं. हळू आवाजात, गुपित असल्यासारखं. पण कारखान्यात तेव्हा दुसरा आवाजच नव्हता. “किती झोपतो.”

मग काकांनी उजवा हात उचलला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. आठ महिन्यांत पहिल्यांदा पाहिला, असंच म्हणावं लागेल. मनगट वर आलं आणि पंजा त्याच्या मागून आला, ओल्या टॉवेलसारखा. अंगठा चावीला लागला. बोटं मिटलीच नाहीत. त्यांनी ओठ दाबले, पुन्हा प्रयत्न केला. चावीच्या कानावरून अंगठा दोनदा घसरला आणि बेडूक खाली पडून पाठीवर उलटं झालं.

कुणी वाकलं नाही. खारूनेच ते उचललं आणि त्यांच्या खिशात परत ठेवलं.

“काका,” माझा नवरा म्हणाला, “हे कधीपासून?”

“वहिनी गेल्या, त्यानंतर कधीतरी. आठेक महिने झाले असतील. सकाळी उठलो तर हात अंगाखाली आला होता. वाटलं, मुंग्या आल्यात. येईल जागेवर.”

“सांगायचं नाही का?”

“कुणाला?” काकांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. पूर्वी हे सांगायचं एक ठिकाण होतं.

ते त्या जुन्या डोक्यापाशी आले. डाव्या हाताने त्याचा न तुटलेला कान चाचपला. त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. मी सलग करून लिहिते.

घोडा खोलीत आला त्या दिवशीच त्यांना मान ओळखू आली. पाऊण तास, हेही आठवलं. दुपारच्या झोपेच्या वेळेला तो मोडला होता. पण आमच्या घरात नुसतं ‘मोडेल’ म्हणून चालत नाही. मोडून दाखवायचं. रिवाजच तसा. त्यांनी पहिल्या दिवशी डाव्या हाताने मान ओढली. दुसऱ्या दिवशी दाराला दोरी बांधून ओढली, तर दोरीची गाठ त्यांना एका हाताने बांधता येईना. तिसऱ्या दिवशी घोड्यावर चढून बघितलं, पण उजव्या अंगाचा भार सावरला नाही, पडले. त्यानंतर ते खाटेवर बसून नुसते घोड्याकडे बघत राहिले.

“येऊन सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, दाखवा. मग हात दिसला असता.” काकांनी घोड्याचा कान सोडला. “आणि हात गेल्यावर माझं इथे काय काम? मजबूत झालेलं खेळणंसुद्धा कुणी घरात ठेवत नाही.”

“काका, पण पोरं बसणार होती त्याच्यावर,” दादा म्हणाले. आवाज खाली आला होता, पण म्हणाले.

“शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, माझंच चुकतंय. इतकं ओढून मोडत नाही, म्हणजे हा तो घोडा नव्हेच. हा मजबूत असेल. मला मेलं सगळं जुनंच आठवत असतं.”

खारूच्या टाक्यांकडे बघत ते म्हणाले, “सूनबाई, माझ्यामुळे पडली ती.”

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत आहे. ‘नाही हो काका.’ ते माझ्या तोंडून निघालं नाही. माझ्या कानात मटाराच्या शेंगा फुटत होत्या, टप् टप्, आणि सासूबाई म्हणत होत्या, आधी काकांकडे बघ. मी त्या हातांकडे रोज बघत होते. ते माझ्या मुलीला काय करतील यासाठी बघत होते. त्यांना काय झालंय, हे मी पाहिलंच नाही. चमच्याने जेवायला लागले, बटणं सोडली, चावी खारूला देऊ लागले. सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलं, आणि माझ्या डोळ्यांची तर घरात ख्याती.

दादा घसा साफ करत म्हणाले, “तरी पण, उलट आता तर… तिथे डॉक्टर असतात, चोवीस तास. त्यांच्याच भल्यासाठी.”

जाऊबाईंनी जुनं डोकं उचललं. पदराने त्यावरची धूळ पुसली, निळा दोरा सरळ केला आणि त्या कपाटाकडे चालू लागल्या. चालता चालता, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, “या घरातून मोडकं कधी बाहेर गेलेलं नाही. तुमच्या आजोबांपासूनची रीत आहे. खोली त्यांचीच राहील. आणि अहो, फोन तुम्ही करताय की मी करू?”

दादांनी खिशातून फोन काढला. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. “बाई, मान तुटते,” एवढंच म्हणाले. “आमची चूक आहे. आत्ता येतो न्यायला.”

दोघे भाऊ टेम्पो घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत बारा घोडे परत आले आणि कारखान्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे.

*

डॉक्टरांनी काकांचा हात खाली-वर करून पाहिला, ‘पकडा’ म्हणाले, ‘सोडा’ म्हणाले. मेंदूतल्या एका छोट्या नसेचं काम होतं. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. “आठ महिने?” त्यांनी पुन्हा विचारलं, आणि आमच्याकडे एकेक करून पाहिलं. जाऊबाई रडल्या. मी रडले नाही. मी पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतली. मला लिहून घेता येतं.

सासूबाईंनी मला बजावलं होतं, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

खारूचं प्लास्टर निघालं. हनुवटीवर एक पांढरी रेघ राहिली, आडवी. घोड्यांच्या माना माझ्या नवऱ्याने दोन तुकड्यांत केल्या, आणि आता खेळणी मोडून बघायला एक यंत्र आणलंय; ते दिवसभर खाली ठक ठक करत असतं. काका त्यांच्या खोलीतच असतात. प्रत्येक नवीन खेळणं माझा नवरा अजूनही आधी त्यांच्याकडे नेतो. ते डाव्या हातात घेतात, फिरवून बघतात आणि परत देतात. आम्ही दाराशी उभे राहून वाट बघतो. नुसतं एकदा म्हणावं, की चाक ढिलं आहे, कड टोचते, कुठल्या गाढवाने केलंय हे.

“छान आहे,” ते म्हणतात.

तुमच्या ओळखीत असं एखादं माणूस असेल. आमटी खारट झाली, दार करकरतं, मुलीला स्वेटर का नाही घातला, असं दर गोष्टीत खोट काढणारं. आणि हल्ली ते कुरकुरत नसेल. सगळं छान म्हणत असेल, आणि तुम्हांला हायसं वाटत असेल. हे पुस्तक इथे उपडं ठेवा आणि त्यांच्याकडे जा. कसे आहात, असं विचारू नका, छान म्हणतील. हातात भरलेला कप द्या. तो कोणत्या हाताने धरतात ते बघा.